जुनी फियाट खोलताना: पत्र्याआड सापडणाऱ्या वस्तू कशा शोधायच्या, वाचायच्या आणि जपायच्या

फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं आणि एका फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली दिसली, तर बहुतेक जण ती काढतात, चुरगळतात आणि टाकून देतात. मीही आधी तेच करायचो. मग एका गाडीचं वायरिंग पूर्ण नवीन करूनही डाव्या बाजूचा दिवा पुन्हा पुन्हा जात राहिला. तेव्हा कळलं की ती चांदी म्हणजे आधीच्या ड्रायव्हरने मला सोडलेला निरोप होता: या दिव्याच्या लाइनीवर कुठेतरी शॉर्ट आहे, फ्यूज टिकत नाही, तात्पुरती सोय केली आहे. चांदी कोणत्या फ्यूजला होती हे मी लिहून ठेवलं असतं, तर तीन दिवस वाचले असते.

गेली काही वर्षं मी फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी खोलून पुन्हा उभ्या करतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या या गाड्या एका मालकाकडे सहसा राहिल्या नाहीत. घरची गाडी, मग भाच्याची, मग कुणाची तरी टॅक्सी, मग शेतावरचं गोदाम असा त्यांचा प्रवास. त्यामुळे आत वस्तू सापडतातच. माझ्या मते त्या दोन जातीच्या असतात: हरवलेल्या आणि लावलेल्या. नाणं, कानातलं, तिकीट या हरवलेल्या. चांदी, पाचर, साबण, हळद या कुणीतरी गाडी चालू राहावी म्हणून मुद्दाम लावलेल्या. गाडी उभी करणाऱ्याला दुसऱ्या जातीच्या वस्तू जास्त उपयोगी पडतात, आणि नेमक्या त्याच आधी कचऱ्यात जातात.

धुवायची नाही

गाडी आणल्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "आधी एकदा वॉशिंग करून घे." नको. पाण्याच्या जोराने दारातले कागद लगदा होतात आणि खाचेतलं नाणं आणखी आत जातं. हवेचा पाइपही लावू नका. आतल्या सफाईला व्हॅक्युम वापरायचा असेल, तर नळीच्या तोंडावर जुना पातळ मोजा ताणून रबर लावा, म्हणजे बारीक वस्तू मोज्यात अडकते.

आधी सगळे दरवाजे, बोनेट, डिकी उघडून फोटो काढा. मग वहीच्या एका पानावर गाडीची वरून दिसणारी आकृती काढून तिचे भाग पाडा आणि क्रमांक द्या. माझे नऊ भाग असतात: डॅशबोर्ड, पुढची सीट, मागची सीट, चार दरवाजे मिळून एक, छत, जमीन, डिकी, दाराखालच्या पोकळ पेट्या आणि इंजिनाची जागा. सापडलेली प्रत्येक गोष्ट, अगदी बुचाचं झाकणसुद्धा, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत टाकायची आणि बाहेर मास्किंग टेप लावून भागाचा क्रमांक, तारीख आणि नेमकी जागा लिहायची. 'मागची सीट' एवढं पुरत नाही. 'मागची सीट, उजवीकडे, काथ्याच्या खाली, स्प्रिंगमध्ये' असं लिहा. वस्तू हलवण्याआधी फोटो, हा एक नियम मी कधीच मोडत नाही.

सामान फार लागत नाही: हेडटॉर्च, लांब दांड्याचं चुंबक, मोबाइलला जोडता येणारा वायरवाला कॅमेरा, लांब चिमटा, हातमोजे आणि एन-९५ मास्क. चुंबकावर फार भरवसा ठेवू नका. जुनी ५ आणि १० पैशांची ॲल्युमिनियमची नाणी, सोनं, चांदी, पितळ त्याला चिकटत नाहीत. त्यासाठी सायकलच्या स्पोकच्या टोकाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळून घ्या.

हात घालण्याआधी डोळे घाला

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सगळ्यात नेहमीची अनपेक्षित गोष्ट जिवंत असते. शेतावरच्या गाडीत घोणस किंवा नाग, दाराच्या पोकळीत गांधीलमाश्यांचं पोळं, सीटमध्ये उंदरांची घरटी. साप दिसला तर गाडीपासून लांब व्हा, एकाने नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. काठीने डिवचू नका, धूर करू नका. कात सापडली तरी त्या भागात चिमटा आणि कॅमेऱ्याशिवाय हात घालायचा नाही.

उंदरांच्या घरट्याबद्दल लोक बेफिकीर असतात. त्यांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ शकतो, आणि पत्र्यावर काम करणाऱ्याच्या हाताला चिरा असतातच. कोरडं झाडू नका. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी फवारा, दहा मिनिटं थांबा, मग उचला. पण घरट्यात कागदाचे तुकडे दिसत असतील, तर फवारण्याआधी ते चिमट्याने वेगळे करा. एकदा सीटमधल्या घरट्यात विमा पॉलिसीचा अर्धा कागद मिळाला आणि त्यावरून गाडीचा मूळ रंग समजला.

बॅटरीच्या पाटाखाली पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असते. तो ॲसिडचा अवशेष, त्यावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

आणि वेल्डिंग किंवा ग्राइंडर सुरू करण्याआधी सगळ्या पोकळ्या कॅमेऱ्याने बघा. घरट्यातलं वाळलेलं गवत, काथ्या, कागद ठिणगीने पेटतात, आणि आतली आग बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

खोलण्याचा क्रम

डॅशबोर्डपासून सुरू करतो, कारण तिथे सगळं सुटं असतं. ग्लोव्ह बॉक्सच्या मागच्या फटीतून कागद खाली सरकून पत्र्याच्या काठावर बसतात, तेव्हा ग्लोव्ह बॉक्स पूर्ण बाहेर काढा. ॲशट्रेच्या मागे हात घाला. देवाची तसबीर चिकटवलेली असते, तिच्यामागे बऱ्याचदा अंगाऱ्याची किंवा कुंकवाची पुडी असते. नवीन गाडीची पूजा झाली त्या दिवसाची. मी ती उघडत नाही. वेगळ्या डबीत ठेवतो आणि गाडी तयार झाली की त्याच जागी परत.

पुढची सीट जुन्या फियाटमध्ये सलग असते, कारण गियर स्टिअरिंगला. बैठक आणि पाठ यांच्यामधली सलग फट म्हणजे चाळीस वर्षांची गोळाबेरीज: केसांच्या पिना, पेनांची टोपणं, एसटीची छिद्रं पाडलेली तिकिटं, जकात नाक्याच्या पावत्या. जकातीच्या पावत्या टाकू नका. मुंबईत २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत जकात होती. नाक्याचं नाव आणि तारीख मिळाली की गाडी कुठून कुठे जायची ते कळतं.

मागची बैठक सहसा उचलली की निघते. आधी वरून काही शोधू नका. बैठक उलटी करून पांढऱ्या चादरीवर ठेवा आणि तळाचं किलतान (गोणपाट) कात्रीने उसवा, फाडू नका. स्प्रिंगांमध्ये अडकलेल्या वस्तू तिथेच दिसतात. रेक्झिन सोलताना आतला प्रत्येक थर जपा. एकावर एक दोन-तीन कव्हरं चढवलेली असतात आणि सगळ्यात आतलं कव्हर कारखान्याचं असू शकतं. शिलाईच्या रेघा, रंग, बटणांमधलं अंतर त्याच्यावरून मोजा. कुशनवाल्याला नमुना म्हणून हातभर तुकडा दिलात, तर तो फोटोपेक्षा शंभरपट बरं काम करतो.

सासवडकडच्या एका गोठ्यात उभ्या असलेल्या पद्मिनीच्या मागच्या बैठकीत मला अशीच एक खिशात मावणारी डायरी मिळाली. कण्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. पानापानांवर तारीख, किलोमीटर, पेट्रोल, रुपये. तिच्याकडे पुन्हा येतो.

दरवाजांना वेळ द्या. काच खाली जाते त्या फटीतून नाणी, टोल आणि पार्किंगच्या चिठ्ठ्या आत पडतात आणि तळाशी साचतात. पाणी जायची छिद्रं त्यांनीच बुजतात आणि दाराचा पत्रा खालून सडतो. आतलं पॅड काढताना क्लिपांजवळ रुंद पट्टी घालून हळूहळू उचला. आतल्या पत्र्यावर कधी खडूने किंवा तेलकट पेन्सिलने लिहिलेले आकडे दिसतात, कधी मूळ रंगाचा, उन्हाने न विटलेला पट्टा. रंगारी पोहोचण्याआधी दोन्हींचे फोटो दिवसाच्या उजेडात घ्या.

छताचं कापड शक्यतो अखंड उतरवा. डिकीत स्टेपनीच्या खालचं रबर उचला. जुन्या, 'एम'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी नंबरची पाटी मला दोनदा तिथेच मिळाली आहे. गाडी पूर्वी टॅक्सी असेल, तर काळ्या-पिवळ्या रंगाचे डाग डिकीच्या बिजागरांमागे सापडतात आणि क्वचित दरपत्रकही. यांत्रिक मीटरचा आकडा थेट भाडं नसायचा, दरपत्रकातून भाडं काढावं लागायचं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्यामुळे असा कागद आता जपण्यासारखा आहे.

दाराखालच्या पोकळ पेट्या शेवटी. कापण्याआधी कॅमेरा आत सोडा. आणि लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली जागा दिसली, तर ग्राइंडरऐवजी छन्नीने कडेकडेने उडवा. जुन्या डेंटरांनी सडलेल्या भोकात वर्तमानपत्र कोंबून वर लांबी ओढलेली असते. त्या वर्तमानपत्रावरची तारीख म्हणजे त्या दुरुस्तीच्या आधीची पक्की खूण. एका गाडीत डाव्या बाजूला दोन वेगवेगळ्या वर्षांचे कागद निघाले. म्हणजे एकाच जागी दोनदा सड आली होती. कारण शोधलं, तर वरून मागच्या काचेचं रबर गळत होतं. नवीन पत्रा लावून रबर तसंच ठेवलं असतं, तर तिसरं वर्तमानपत्र मला कोंबावं लागलं असतं.

लावलेल्या वस्तू कशा वाचायच्या

रेडिएटर फ्लश करताना पिवळट-तपकिरी गाळ निघाला, तर ती हळद असण्याची शक्यता मोठी. गळका रेडिएटर रस्त्यात बंद करायला हळद टाकणं हा आपल्याकडचा जुना उपाय. ती गळती बुजवते आणि पुढे बारीक नळ्याही बुजवते. तेव्हा नुसता फ्लश करून समाधान मानू नका. रेडिएटर उतरवून वरची-खालची टाकी उघडून नळ्यांमधून सळई फिरवून घ्या आणि दाबाखाली तपासा, कारण हळद निघाली की जुनी गळती पुन्हा उघडते.

पेट्रोलच्या टाकीला बाहेरून घट्ट झालेला साबण चिकटलेला सापडतो. कपड्याच्या साबणाने टाकीचं भोक बुजवणं, वरून एम-सील. साबण दिसला त्या जागी भोक आहेच. टाकीबाबत एक गोष्ट ठासून सांगतो: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. पाण्याने अनेकदा धुऊन, दिवसेंदिवस उघडी ठेवल्याशिवाय तिच्यात वायरवाला कॅमेराही सोडायचा नाही. झाळकाम फक्त त्यातल्या जाणकाराकडे.

गियरच्या दांड्यांच्या जोडात चामडी पट्ट्याचा किंवा सायकल ट्यूबचा तुकडा मिळाला, म्हणजे बुश (जोडातली छोटी नळी) झिजलं होतं आणि दुसरा गियर नीट पडत नव्हता. काचेच्या मशीनजवळ लाकडी पाचर मिळाली, म्हणजे काच आपोआप खाली सरकत होती. दाराच्या कोपऱ्यात दुमडलेला पुठ्ठा म्हणजे खडखड. यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे दुखणं लिहा. कामाची अशी यादी कुठल्याही मिस्त्रीने तपासून दिलेल्या यादीपेक्षा खरी असते, कारण ती गाडी चालवणाऱ्याने केलेली आहे.

इंजिन पहिल्यांदा फिरवण्याआधी एअर फिल्टर उघडाच. उंदीर तिथे ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा साठवतात. कार्बोरेटर काढून गाडी ठेवली असेल, तर खालच्या तोंडात कुणीतरी चिंधी कोंबलेली असते. चांगल्या हेतूने कोंबलेली ती चिंधी इंजिनात ओढली गेली, तर नुकसान मोठं. १०८९ सीसीचं हे इंजिन सोशिक आहे, पण चिंध्या पचवत नाही.

कागद, फोटो, फिल्म

ओला कागद सोलू नका, उन्हात ठेवू नका. टिपकागदाच्या दोन थरांमध्ये ठेवून वर हलकं वजन द्या आणि टिपकागद दिवसातून दोनदा बदला. एकदम पुष्कळ ओले कागद मिळाले आणि वेळ नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. मग एकेक गठ्ठा काढून वाळवा. एकमेकांना चिकटलेले जुने कृष्णधवल फोटो स्वच्छ थंड पाण्यात भिजत ठेवले तर बरेचदा आपोआप सुटतात. ओढायचे नाहीत. वाळवताना चित्राची बाजू वर. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या फोटोला मात्र पाणी लावू नका.

न धुतलेला फिल्म रोल मिळाला तर डबी उघडून बघायचा मोह आवरा. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि जुना रोल धुणाऱ्या प्रयोगशाळेला आधीच सांगा की तो उन्हात तापलेला आहे. कॅसेट लगेच टेपमध्ये घालू नका. टेपवर पांढरी बुरशी असेल तर ती मशीनलाही लागते. स्क्रूवाली कॅसेट असेल, तर फीत नव्या खोक्यात बदलता येते.

जुनं आरसी बुक किंवा खरेदीचं बिल सापडलं, तर त्याची किंमत भावनेपुरती नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००. आधी नोंदलेल्या गाडीच्या अर्जाबरोबर जुनं आरसी लागतं. उंदराने कुरतडलेला कागदही म्हणूनच लॅमिनेट न करता सपाट फोल्डरमध्ये ठेवा.

नाणी आणि नोटा

नाण्याला चिंच, लिंबू, पितळ घासायची पूड काहीही लावू नका. ॲल्युमिनियमच्या नाण्याला सोडाही नको, धातू खाल्ला जातो. डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती काढा, बस. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, त्यामुळे ती कुणाची फसवणूक न करता ठेवता येतात. 'नया पैसा' लिहिलेलं नाणं १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं.

५०० आणि १,००० च्या जुन्या नोटांचं बंडल निघालं, तर मोजा. २०१७ च्या कायद्यानुसार रद्द झालेल्या अशा १० पेक्षा जास्त नोटा बाळगणं गुन्हा आहे. अभ्यास किंवा संग्रहासाठी मर्यादा २५. दंड १०,००० रुपये किंवा दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांपैकी जे जास्त ते. बंडल मोठं असेल तर घरी नेण्याआधी वकिलाला विचारा.

वस्तू कुणाची?

गाडी विकत घेतली म्हणजे तिच्यात हरवलेलं मंगळसूत्रही विकत घेतलं, असं मी मानत नाही, आणि कायदाही तुमच्या बाजूने सरळ उभा राहत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती दुसऱ्याची म्हणून सांभाळण्याची जबाबदारी येते. मालक कळू शकत असूनही वस्तू गिळंकृत करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतं. काही जण १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याचं नाव घेतात. तो जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या वस्तूत दडलेल्या धनाचा आहे, गाडीचा नाही.

म्हणून विक्रेत्याशी व्यवहार करतानाच एक ओळ लिहून घ्या: आत वैयक्तिक वस्तू सापडल्यास कळवीन, परत न्यायच्या असल्यास ठरावीक मुदतीत न्याव्यात. सापडल्यावर आधी त्याला फोन, मग आरसीवरच्या आधीच्या मालकांना. दागिना असेल तर फोनवर वर्णन करू नका, त्यांना करू द्या. खासगी पत्र असेल तर पत्ता वाचा, मजकूर नको. मी हे काटेकोरपणे पाळतो.

काडतूस, गावठी बॉम्बसारखा गोळा, पिस्तुलाचा भाग, संशयास्पद पुडकी: हात लावायचा नाही, गाडीत घालून ठाण्यातही न्यायचं नाही. ११२ ला फोन. चासी किंवा इंजिन नंबर घासून पुन्हा ठोकलेला दिसला, तरी काम तिथेच थांबवा.

परत बसवताना

देवाची पुडी परत जाते. पाचर आणि चांदी पिशवीत, नोंदीसकट, गाडीच्या फाइलमध्ये. पुढचा मिस्त्री बघेल म्हणून नवीन केलेल्या कामाची तारीखही त्यात लिहितो.

त्या डायरीत एका पानावर होतं, 'रेडिएटर गळतो, हळद घातली'. पुढे दोन पानांवर, 'मीटर बंद, अंदाजे'. त्यावरून कळलं की किलोमीटरच्या मीटरवरचा आकडा किमान आठ महिने मागे आहे, आणि गियरबॉक्स उतरवला ती तारीखही मिळाली. मी गियरबॉक्स पुन्हा खोलला नाही, फक्त ऑइल बदललं. आजतागायत आवाज नाही. मूळ मालकाच्या मुलाला फोन केला तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारलं, "पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे का?" सगळ्या पानांचे फोटो काढून मी डायरी त्याच्या हातात दिली. त्याने शेवटचं भरलेलं पान उघडलं, तिथल्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "त्या दिवशी दादा मला कॉलेजला सोडायला आले होते."